कमलाचं माहेर

१८ सप्टेंबर

सकाळी दिल्लीतल्या मुनिरकाच्या ऑफिसातून थेट नयागाव. गुडगाव ओलांडलं की रस्ता खणून ठेवलेला, गाडी चालवत नाहीत, ढकलतात. उभ्या बाजरीत बिल्डरांच्या पाट्या. पाटीवर तरणतलाव, गोरी मुलं, एक कुत्रं.

महिला सभेची बैठक. आमच्या फाउंडेशननं सभेला अनुदान दिल्यानंतरची पहिली मोठी, म्हणून आमच्या डायरेक्टर रीताजी स्वतः आल्या होत्या. वकीलबाईंनी समजावून सांगितलं, बाप गेला की त्याच्या जमिनीत मुलीचाही हिस्सा, आणि भावांना जमीन विकायची तर बहिणीनं हिस्सा सोडल्याचा कागद लागतो. बायका घुंघट ओढून ऐकत होत्या, आत काय चाललंय देवाला ठाऊक. इथली रीत सगळ्यांना पाठ आहे. बहिणीनं तहसिलीत जाऊन हिस्सा सोडते म्हणून लिहून द्यायचं, भाऊ जोडी कपडे करतात, आणि जन्मभर माहेर उघडं. नाही लिहून दिलं तर बंद.

मागून एक उठली. धिप्पाड, आवाज पार चौपालीपर्यंत जाईल असा. "मैं तो ना लगाऊँ अंगूठा." सगळ्या हसल्या. ती हसली नाही. कमला.

तिची कथा नंतर कळली. नवरा राजबीर. त्याची स्वतःची जमीन बिल्डरला कधीच गेली, पैसा कुठे गेला ते त्याच्याकडे बघून कळतं. एक मारुती व्हॅन दारात आहे, चाकं नसलेली. दोन मुली लग्नाच्या. मुलगा नाही. बापाचा हिस्सा सोडला तर कमलाच्या पायाखाली काहीही उरत नाही. हे तिला वकीलबाईंनी सांगायची गरज नव्हती, तिचं तिलाच ठाऊक होतं.

निघताना मला म्हणाली, "इतनी सूखी क्यों सै तू? दिल्ली में रोटी ना मिलती?" मला ही बाई फार आवडली.

१९ सप्टेंबर

सुधीरला सांगितलं सगळं. म्हणे, "तू मागितलास का तुझ्या दादाकडे हिस्सा?" म्हटलं, साताऱ्याला आहे काय, दोन खोल्या आणि त्यातून न निघणारा भाडेकरू. अर्धा भाडेकरू घेऊन ठेवू कुठे, लक्ष्मीबाई नगरच्या या क्वार्टरात? हसला.

लेकीची, मनूची गणिताची टेस्ट. मराठीतून शिकवायला गेले तर "आई, पाऊणशे मतलब?" बापाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

४ ऑक्टोबर

काल कमलाचे दोन्ही भाऊ, थोरला धरमपाल आणि धाकटा सतपाल, जीप घेऊन तिला तहसिलीत न्यायला आले. जमिनीचा सौदा ठरलाय, हिचाच अंगठा राहिलाय. ही गेली. नवा सूट घालून गेली, वाटेत सतपालनं घेऊन दिलेली जिलबी खाल्ली. आणि कारकुनासमोर उभी राहून म्हणाली, मी हिस्सा सोडत नाही.

हे सगळं आज एसटीडी बूथवरून ऑफिसात फोन करून, ओरडून. "मॅडम, जलेबी भी खा ली मन्ने!" आमच्या सगळ्यांची हसून पुरेवाट. मग आवाज उतरला. "सतपाल रोण लाग गया. वहीं, सबके आगे."

रीताजींनी पेस्ट्री मागवली. ऑफिसभर टाळ्या. मीही खाल्ली.

२६ ऑक्टोबर

नयागाव. थोरल्या मुलीचं, सुनीताचं लग्न ठरलं. डिसेंबरची आठ.

वकीलबाईंनी कमलाच्या हिश्श्याची केस घातल्यापासून राजबीर फार खुशीत. बायकोचा हिस्सा म्हणजे आपलाच, असं त्यानं धरून ठेवलंय. मला पुन्हा पुन्हा विचारतो, "केस कब निपटेगी, मॅडमजी?" अच्छा! म्हणजे एवढा खटाटोप या माणसासाठी. डोकंच फिरलं. गाडीत रीताजींना बोलले तर म्हणाल्या, "प्रोसेस है, अनघा. प्रोसेस." हा शब्द त्या खोकल्याच्या गोळीसारखा चघळतात.

भावांनी बोलणं टाकलंय. आईचा निरोप नाही. कमला थट्टा करत होती नेहमीसारखी, पण मध्येच थांबून रस्त्याकडे बघायची.

१४ नोव्हेंबर

परवा भाऊबीज झाली. दादाचा फोन, हवापाणी आणि "आवाज येत नाहीये".

कमला माहेरी जाऊन आली, भाताचं आमंत्रण द्यायला. भात म्हणजे आपला जेवणातला नव्हे. मुलीच्या लग्नाला नवरीच्या आईचे भाऊ कपडे, आहेर घेऊन वाजतगाजत येतात, त्याला इकडे भात भरणं म्हणतात. बहीण दारात पाटावर उभी राहते. भाऊ तिच्या डोक्यावर चुनरी घालतो आणि हात धरून खाली उतरवतो. तोवर उतरायचं नाही. सगळ्या गावासमोर. हिला माहेर आहे, असा तो जाहीरनामा.

आमंत्रणाला बहिणीनंच जायचं असतं. गेली. धरमपाल घरात असून बाहेर आला नाही. वहिनीनं पाणी दिलं. आईनं डोक्यावर हात ठेवला. परतताना सतपाल बसस्टँडपर्यंत आला, पण बरोबर नाही, मागून. येणार का नाही, काही म्हणाला नाही.

मी विचारलं, आएँगे?

"भाई सैं मेरे. आवैंगे." हातातली गवार मोडत राहिली. मग, "ना भी आवैं."

मुलीच्या लग्नाची तिला चिंता नाही. पाटावर उभं राहायचं आणि कुणीच यायचं नाही, या एका गोष्टीनं तिची झोप उडालीय. तसं तिनं सरळ सांगितलं.

२६ नोव्हेंबर

ऑफिसात मीटिंग. भाऊ आले नाहीत तर कमला मोडेल, सही करून टाकेल, आणि तिच्यामागोमाग बाकीच्या बायका. काय करता येईल?

आणि मी बोलले. आमच्या लग्नात माझा मामा आसामात अडकला होता, तर शेजारचे काका मामा म्हणून पाठीशी उभे राहिले. कुणाला काही वाटलं नाही, मी आजही त्यांना मामाच म्हणते. आपल्याकडे मामा नसला की करून घेतात एखादा. मग इथे फाउंडेशननं भात नेला तर? भाऊ म्हणून सुधीर उभा राहील.

रीताजी खुर्चीतून उठल्या. "ब्रिलियंट, अनघा! समाज खुद देखेगा कि औरत अकेली नहीं है." मला, खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोक्यातून निघालेलं काही होतंय.

नयागावच्या बूथवर निरोप देऊन कमलाला फोनवर बोलावलं. दोनदा सांगावं लागलं. मग, "ठीक सै. कोई तो खड़ा हो."

५ डिसेंबर

सरोजिनी नगरमधून चुनरी आणली. लाल, जरीच्या गोट्याची. सुधीर कुरकुरतोय. सेक्शन ऑफिसरला भाऊ म्हणून उभं राहायचं ट्रेनिंग दिलेलं नाही म्हणे. पण आरशासमोर ब्लेझर घालून बघत होता. एकुलता एक, बिचाऱ्याला बहीण नाही.

९ डिसेंबर

कालचं. क्रमानं लिहिते, नाहीतर लिहिणारच नाही.

दुपारी पोचलो. मी, सुधीर, रीताजी कॅमेरा घेऊन. कमला दारात पाटावर उभी, हातात आरतीचं ताट, भोवती गावातल्या बायका. गाणी चालली होती, आम्हाला बघून थांबली. राजबीर "आओ जी, आओ जी" करत पुढे. कमलाचे पाय सुजले होते. जेवणाआधीपासून उभी होती.

सुधीर चुनरी उघडून पुढे झाला. ती म्हणाली, "थोड़ा रुक जा, भाई." नजर त्याच्या खांद्यावरून रस्त्याला. थांबलो. ऊन भिंतीवर चढत चाललं. रीताजी म्हणाल्या, लाइट जा रही है, फोटो नहीं आएगा. सुधीरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घाल ना रे, किती वेळ उभी ठेवणार तिला?"

मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

त्यानं घातली. हात धरून उतरवलं. रीताजींनी फोटो काढला आणि टाळ्या वाजवल्या, एकट्यांनीच. कमला रडायला लागली. आम्हाला वाटलं, आनंदानं.

तेवढ्यात गल्लीतून कुणीतरी ओरडलं. तळ्यापाशी भाती उभे आहेत.

भाऊ आले होते. दोघंही. जीप, मागे ट्रॉली, ट्रॉलीत सगळे भाऊबंद आणि आई. भात आणणारे गावात आपणहून शिरत नाहीत, गावच्या तोंडाशी थांबतात. इकडच्या बायका गाणी म्हणत सामोऱ्या जातात आणि मानानं घेऊन येतात. ते तळ्यापाशी वाट बघत उभे होते. सामोऱ्या जायच्या त्या सगळ्या बायका कमलाच्या दारात, आमची गाडी बघत.

कमला धावली. डोक्यावर ती चुनरी तशीच. मी तिच्या मागे, चपला हातात. धरमपालनं चुनरी पाहिली आणि जीपमध्ये जाऊन बसला. सतपालच्या हातात दुसरी होती, त्यांनी आणलेली, घडी न मोडलेली. एवढंच म्हणाला, "पाटड़े तै उतर गी?" पाटावरून उतरलीस? म्हातारी ट्रॉलीतून उतरायला धडपडत होती, तिला धरून परत खाली बसवलं. जीप वळली.

पुन्हा पाटावर चढता येत नाही. एकदा कुणी उतरवलं की तोच भाऊ. राजबीरच्या चुलतीनं मला सांगितलं, पाहुण्याला सांगतात तसं, जिलबी वाढता वाढता. मी विचारलं, आधी का नाही बोललात? म्हणाली, आम्हाला वाटलं भावांनी नाही म्हणून कळवलंय, तेव्हाच तुम्ही आलात. शिकलेली माणसं विचारल्याशिवाय थोडंच येतील!

विचारलंच नव्हतं. आम्ही भावांना कुणीच विचारलं नव्हतं. मी कमलाला विचारलं, तिनं "कोई तो खड़ा हो" म्हटलं आणि मी चुनरी आणायला गेले.

येताना रीताजी: "गाँव की पॉलिटिक्स." मोतीबागेपाशी सुधीरनं ब्लेझर काढला. मग, "तू घाल म्हणालीस." म्हटलं, हो.

१२ डिसेंबर

रीताजींनी फाउंडेशनच्या ट्रस्टींना भाताची गोष्ट सांगितली. तळं वगळून. एका बाईंनी डोळे पुसले. "व्हॉट अ ब्यूटिफुल सबव्हर्जन." रूढीच उलटवली म्हणे. माझं कौतुक. थँक यू म्हटलं. नोकरी आहे.

१० जानेवारी

ऑफिसात न सांगता कमलाच्या माहेरी जाऊन आले. धुकं इतकं की बस रस्ता विचारत चालली होती. मनात धरून गेले होते की शिव्या खायच्या, ऐकून घ्यायच्या.

धरमपालनं खाट टाकली, गरम दूध दिलं. शिव्या नाहीत. "जमीन की लड़ाई कचहरी में. भात भात की जगह. मैं तो आया था, मॅडमजी." आई आणि सतपाल महिनाभर त्याच्या मागे लागले होते. त्यानं शेवटी म्हटलं होतं, चला, बहीण आहे, पाटावर उभी ठेवायची नाही. मी सगळं सांगितलं, चूक माझी, कमलाची नाही, आमच्याकडे अशी रीत आहे, मानलेला मामा वगैरे. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, "थारे घरवाले ने भर दिया. इब वोए भरैगा." आता तोच भरेल. निघताना गाजरांची पिशवी हातात दिली. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हातारी आत शेकोटीपाशी. जमिनीचं काही विचारलं नाही. जवळ बोलावून विचारलं, चुनरी कोणत्या रंगाची होती? म्हटलं, लाल. गोटा? म्हटलं, होता. बरं, म्हणाली. "सिर तो ढका गया."

२४ मार्च

कमलाचा फोन. "माँ चली गी."

परवाच गेली. कळलं ते दूधवाल्याकडून. भावांनी कळवलं नाही. ही पोचली तोवर सगळं आटपलेलं. दारात कुणी अडवलं नाही, या म्हणूनही कुणी म्हटलं नाही. ओसरीवर बसली. लेकीबाळी, भाच्या गळ्यात गळा घालून रडत होत्या, हिच्या गळ्यात पडायला कुणी उठलं नाही. "अकेले रोया ना जाता, मॅडम. मैं बैठी रही." मग उठून बसस्टँडवर आली आणि बूथवरून मला फोन केला. बसची वेळ होती, ठेवला.

मी तिचं सांत्वन केलं म्हणे. काय बोलले ते आठवत नाही, आठवायचंही नाही.

३ एप्रिल

सुधीरला रात्रीपासून ताप. तापातही म्हणतो, "तिची आई गेली तेव्हा मी जायला हवं होतं का गं? भाऊ म्हणून?" माहीत नाही रे बाबा मला. माझं डोकं उठवू नकोस.

२१ मे

ट्रस्टींची बैठक. जमिनीचा विषय बंद. "कायदेशीर काम वेळखाऊ, निष्पत्ती मोजता येत नाही." आता स्वयंरोजगार. नयागावात मेणबत्त्या करायला शिकवणार. वकीलबाईंचं येणं या महिन्यापासून थांबलं. मी भांडले. खरंच भांडले, आवाज चढला, टेबलावर हात आपटला. रीताजी शांतपणे म्हणाल्या, "तुम बहुत इमोशनली इन्व्हॉल्व हो गई हो."

मग कुणी व्हायचं?

२२ मे

कमलाला सांगायला गेले. माहेरच्या जमिनीवर बिल्डरनं तारेचं कुंपण घातलंय, भावांच्या हिश्श्याभोवती आणि हिच्याही. मध्ये बोर्ड, इंग्लंडातल्या कुठल्याशा बागेचं नाव. तिचा कागद नाही म्हणून काम अडलंय, पण बाभळी तोडून झाल्या. वकील येणार नाही हे तिनं निमूट ऐकलं. केस चालू राहील, म्हटलं, मी माझ्या ओळखीनं कुणीतरी बघते. "देख ले," म्हणाली. मेणबत्तीवर मात्र खूप हसली. "बत्ती तो रोज जाती सै, मोमबत्ती बिकैगी!"

राजबीर आतल्या खोलीत पडलेला. उन्हानं नव्हे, दारूनं.

१८ ऑगस्ट

राखी. बेल वाजली, दारात कमला. ओढणीनं घाम पुसत, हातात घेवर, इकडची राखीची मिठाई. सुधीर ऑफिसला निघाला होता. त्याला बसवलं, टिळा लावला, राखी बांधली. मला म्हणाली, "पाणी तो पिला दे, भाभी." मॅडमची भाभी झाले आज.

सुधीरनं खिसे चाचपले, मग आत जाऊन माझी न नेसलेली इंदुरी साडी आणून दिली. दिवसभर त्यानं राखी काढली नाही, सेक्शनमध्ये सगळे विचारत होते म्हणे, त्यानं सांगितलं, माझी बहीण गुडगावला असते.

मनू: "ही माझी आत्या? आत्या मतलब बुआ ना?" हो, म्हटलं. कमलानं तिला मांडीवर घेतलं आणि तिच्या बारीकपणाबद्दल मला झापलं.

खरं लिहायचं तर मला थोडी भीती वाटली. बाई मनापासून भाऊ मानतेय. आपण एका दुपारपुरते गेलो होतो.

११ ऑक्टोबर

सुधीरची बदलीची ऑर्डर. नागपूर. नोव्हेंबरअखेर रिलीव्ह. माझंही काँट्रॅक्ट डिसेंबरात संपतंय, पुढचं कुणी बोलत नाहीये. मनूला मराठी शाळेत घालता येईल. सासूबाई खूश.

आणि मी? सुटले असं वाटलं. पहिल्यांदा तेच वाटलं, मग बाकीचं.

कमलाला सांगायला हवं. दिवाळीनंतर.

९ नोव्हेंबर

सकाळी बेल. कमला. पहिल्या बसनं आली होती. ओढणीच्या टोकात गुळाची भेली आणि तांदूळ. उंबऱ्यात असतानाच मला कळलं. धाकटीचं, बबलीचं ठरलंय, फेब्रुवारीत. भाताचं आमंत्रण घेऊन आलीय. माहेरी.

सुधीरच्या गालाला अजून दाढीचा साबण. तसंच त्याला बसवून टिळा लावला, गूळ हातात दिला. त्यानं घेतला. घेतल्यावर माझ्याकडे पाहिलं.

मग म्हणाली, आणखी एक विचारायचंय. धरमपालचा निरोप आलाय. कागद करून दे, भात आम्ही घेऊन येतो, झालं गेलं विसरू. राग कितीही असो, बिल्डर घाई करतोय. परवा तहसिलीत बोलावलंय.

मी सुरू झाले, हे बघ, तुझा हक्क आहे. तिनं हात वर केला. "हक का मन्ने बेरा सै, भाभी. तूने ही तो पढ़ाया." हक्काचं माहीत आहे मला. "मैं भाई का पूछण आई सूँ."

बोटांवर मोजत सांगायला लागली, घरचा हिशोब सांगावा तसं. बबलीचा भात हा एक. राजबीर काही फार दिवस काढत नाही, डॉक्टरनं सांगितलंय. तो गेला की विधवेला पहिली ओढणी भाऊ आणतो, दुसऱ्या कुणाची चालत नाही. आणि शेवटचं. ते सांगताना तिला हसूच आलं. "कफन भी पीहर तै आया करै." बाई मेली की कफन माहेरहून येतं. नाही आलं तर सासरच्यांनी काय, जुन्या चादरीत गुंडाळायची?

"तू रहैगा, भाई, तो मैं अंगूठा ना लगाऊँ. जमीन म्हारी रहैगी, आगै बेटियाँ की. ना रहैगा तो साफ कह दे. परसों अंगूठा टेक आऊँगी. बुरा ना मानूँ, थारी कसम." आणि मग आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिली, उत्तर मिळेपर्यंत इथंच बसणार अशी.

सुधीर म्हणाला, "पहले चाय."

चहा टाकून ओट्याशी उभी राहून हे लिहितेय. नागपूरचं तिला अजून सांगितलेलं नाही. दिवाळी होऊन गेली, नाही सांगितलं. फेब्रुवारीत नागपूरहून येता येईल, एकदा. रजा टाकून, गाडीनं. राजबीरच्या वेळी? आणि तिच्या वेळी कळवणार कोण, दूधवाला? साफ सांगायचं तर आज मला बाहेर जाऊन म्हणावं लागेल, जा, अंगठा लाव, जमीन देऊन भाऊ परत घे. मी म्हणायचं. सही करू नकोस म्हणून वर्षभर गावोगाव सांगत फिरले ती मी. आणि राहू म्हटलं, तर ती विश्वास ठेवेल. बिल्कुल ठेवेल.

सुधीर दोनदा आत येऊन गेला. म्हणतो, तू बोल. मी म्हटलं, भाऊ तू आहेस. म्हणाला, "मला भाऊ केलं कुणी?"

बाहेरून हाक मारतेय, भाभी, दूध फट गया के? दूध फाटलेलं नाही. चहा केव्हाच झालाय.